नावाने सोडलेली पाखरं

गोचीड नुसता ओढून काढायचा नसतो. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरून आधी जरासा फिरवायचा आणि मग उपटायचा, नाहीतर त्याचं डोकं आत राहतं आणि तिथे गाठ धरते. हे मला आकाने शिकवलं, आणि शाळा-कॉलेजात जे काही शिकले त्यातलं बरंचसं विसरून गेले तरी एवढं मला आजही न चुकता येईल. संध्याकाळी गुरं सड्यावरून, गावामागच्या कातळमाळावरून, परत आली की आका गोठ्याच्या दारात बसायची. समोर फुटक्या मडक्याचं खापर, खापरात चुलीतले निखारे. गुरांच्या कानांच्या मुळाशी, शेपटीखाली, कासेच्या बेचक्यात बोटं फिरवत ती एकेक टपोरा गोचीड काढून निखाऱ्यांवर टाकायची. फट्, असा आवाज व्हायचा आणि जळक्या रक्ताचा वास सुटायचा. स्वयंपाकघरातून त्याच वेळी कुळथाच्या पिठीला दिलेल्या लसणीच्या फोडणीचा वास येत असे, आणि हे दोन वास माझ्या नाकात असे काही एकत्र बसलेत की पुढे कुणाच्या घरी पिठी केली, तर मला नकळत गुरांची आठवण होते. यजमानीणबाईंना हे सांगता येत नाही, म्हणून मी मुकाट्याने जेवते.

आका म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. बाबा तिला आका म्हणत, म्हणून आई आका म्हणे, म्हणून आम्ही पोरंही आकाच म्हणायचो. तिचा नवरा आगबोटीवर खलाशी होता. तो एका सफरीला गेला तो परत आलाच नाही. बुडाला म्हणावं तर तसा निरोप नाही, जिवंत आहे म्हणावं तर तसाही नाही. सासरी काही वर्षं वाट पाहून ती आरोंद्याला भावाकडे आली, ती एक गाय हाताशी धरून. आमच्या गोठ्यातली पुढची सगळी गुरं त्या गाईच्याच पोटची. त्यामुळे आमच्या घरात एक न बोललेला करार होता: स्वयंपाकघर आईचं आणि गोठा आकाचा. आईला कुणी चुलीपाशी लुडबुड केलेली खपत नसे आणि आकाला कुणी गाईच्या दाव्याला हात लावलेला. या करारावर दोघींचं छान चाललं होतं. मधूनमधून मुंबईहून आकाच्या दिराचा निरोप यायचा. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, घरात करणारं कुणी नाही, तेव्हा वहिनीला पाठवून द्या. प्रत्येक चाकरमान्याबरोबर तोच निरोप, आणि बाबांचं प्रत्येक वेळी तेच उत्तर, "आका गेल्यार गोठो कोण बघतलो?" ते ऐकून आका आत कुठेतरी सुटकेचा श्वास टाकत असणार. एकदा मी तिला विचारलं होतं, मुंबई बघावीशी वाटत नाही का म्हणून. ती म्हणाली, "बघूक काय जाता? पन थंय माजा काय आसा? हंय माजी गोरवां आसत."

आणि नेमकी तीच मरायला लागली. आधी बैलांची जोडी गेली, एका पावसाळ्यात एक आणि दुसऱ्यात दुसरा. मग मूळ गाईची लेक, जिचं दूध पिऊन मी वाढले, ती गेली. तिघांचं सारखंच झालं. जनावर चरायचं थांबायचं, कान थंड पडायचे, मान खाली जायची आणि मग ते तांबडं मुतायचं. गावात सगळे सांगत, हे गोचिडांमुळे. पण गोचीड कुणाच्या गोठ्यात नव्हते? मलेरियावाले औषध फवारायला येत, त्यांतल्या एकाने गुरांच्या अंगाला चोळायला पांढरी पूड दिली होती. ती आकाने कोनाड्यात ठेवून दिली. कारण मागच्या फवारणीनंतर आमची मांजर भिंत चाटून तोंडाला फेस येऊन मेली होती, आणि गाय दिवसभर स्वतःचं अंग चाटत असते. "चाटल्याबगर गाय ऱ्हवता काय?" ती विचारायची. शेवटी गोठ्यात उरली एकटी पाडी. पांढऱ्या कपाळाची म्हणून चांदी. ती गाभण होती आणि श्रावणात वेणार होती. ती जगली तर गोठा परत उभा राहणार होता. ती गेली तर आकाला मुंबईला न पाठवायला बाबांकडे निमित्त उरणार नव्हतं. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

गोवा सुटून एकदोन पावसाळे झाले होते. त्याआधी खाडीपलीकडे गोव्यात जाणं म्हणजे चोरीचा मामला, आणि आता होडीत बसलं की झालं. आकाची लहानपणची मैत्रीण पलीकडे दिलेली, तिला भेटायला आका मला घेऊन गेली. मैत्रिणीच्या शेजारी मिंगेल नावाचा म्हातारा राहायचा. जन्मभर बोटींवर कुक म्हणून फिरलेला, आणि आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरातून परतताना पेटीबरोबर एक पिंजरा घेऊन आलेला. त्याच्या अंगणात मी ती पाखरं पहिल्यांदा पाहिली. कोंबडीपेक्षा भरदार, राखी अंगावर पांढरे ठिपके, इतके सारखे की कुणी बसून काढले असावेत. डोकं मात्र टकलं, त्यावर हाडाचं शिंगूट आणि गालांना लाल लोलक. एकापाठोपाठ एक रांगेत चालायची आणि गवतातून काहीतरी टिपत जायची. आकाचं लक्ष पाखरांकडे नव्हतंच. ती मिंगेलच्या गाईकडे बघत होती. सरळ जाऊन तिने त्या परक्या गाईच्या कानामागे बोट घातलं, मग शेपटी उचलून पाहिली. मिंगेल हसत होता. "किदें सोदता गो? म्हज्या हांगा एकूय गोचीड ना," तो म्हणाला. "हीं सवणीं खातात. पळय." आणि त्याने पाखरांकडे बोट दाखवलं.

त्या दुपारी आकाने त्याला जितकं पिडलं तितकं पोलिसांनीही कधी पिडलं नसेल. काय खातात, कुठे झोपतात, पावसात काय करतात, बागेची नासाडी करतात का. मिंगेल सांगत गेला. एकच गोष्ट त्याने दोनतीनदा सांगितली: महिनाभर खुराड्यात कोंडून ठेव, तिथेच चारा घाल, म्हणजे ते घर त्यांना आपलं वाटेल. "मागीर दिसा सोड, सांजे धांप. धांपलीं ना जाल्यार कोलो खातलो." दिवसा मोकळी, संध्याकाळी कोंडलेली. आका मान डोलवत होती. परतताना होडीत तिने मला तेच परत म्हणून दाखवलं, जसं काही मीच विसरणार होते. तिचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. खाडीचं पाणी शांत होतं आणि ती उगाचच हसत होती.

परवा माझा भाचा फोन घेऊन माझ्यापुढे बसला. त्याने कुडाळकडे काजूची बाग घेतली आहे, कुत्र्यांना गोचीड होतात म्हणून हैराण आहे, आणि औषध मारायचं नाही असं त्याने ठरवलंय. त्याला कुठेतरी सापडलं की गिनी कोंबड्या मोकळ्या सोडल्या की गोचीड आपोआप कमी होतात. "आत्या, हे एकदम नवीन आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, असेल बाबा. त्याला फोटो दाखवायची हौस होती, आणि ते ठिपके दिसताच मी चष्मा काढून ठेवला. तो विचारत राहिला, ठेवू का, ठेवू का. मी त्याला ठेव म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही. तो गेल्यावर मात्र हे लिहायला बसले.

मिंगेलने दिवाळीनंतर डझनभर पाखरं दिली. आकाने खुराडं आधीच तयार ठेवलं होतं. बांबूच्या कामट्या आणि वर माडाच्या झावळ्यांचं झाप. पाखरांनी पहिल्याच दिवशी असा काही कालवा केला की शेजारपाजारची माणसं विचारायला आली, कोण आजारी आहे का. पत्र्यावर दगड घासल्यासारखा तो आवाज होता. पान हललं तरी ओरडायची, आणि आपल्यातलं एखादं दिसेनासं झालं तरी ओरडायची. आईने दोन दिवस कानांवर पदर घेतला आणि मग चेष्टा सुरू केली. "आका, तुझ्या माहेरवाशिणी जेवल्या काय?" असं ती रोज सकाळी विचारायची. आम्ही त्यांना चितरी म्हणू लागलो. आका तांदळाच्या कण्या आणि सुक्या जवळ्याची कुटी एकत्र करून त्यांना घाली. त्या खात असताना ती खुराड्यापाशी उकिडवी बसून त्यांच्याशी हळू आवाजात बोलायची, ते ऐकून आम्ही हसायचो.

पण परमुलखातलं जित्राब जागेत आणलं तर राखणदाराला सांगायला नको का? हे बाबांच्या डोक्यात आलं, आणि आमच्याकडे कुणाच्याही डोक्यात आलं असतं. आमच्या बागेच्या कोपऱ्यात, काजूखाली, राखणदाराचा दगड होता. जागा त्याची, आम्ही फक्त राहणारी. घरात वासरू जन्मलं तरी त्याला सांगायचं, विहिरीचा उपसा केला तरी सांगायचं. म्हणून चांगला दिवस बघून गावकरांना बोलावलं. गावकर म्हणजे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे, पंचाहत्तरीचे, दात नसलेले, पण आवाज असा की खाडीपलीकडे जावा. आका पाखरं पाटीत घेऊन उभी राहिली. नारळ ठेवला, आणि गावकरांनी डोळे मिटून सुरू केलं.

"बा देवा राखणदारा, म्हाराजा! ह्या जाग्याचो तू धनी. आज ह्या तुझ्या लेकरान खाडयेपलतडची पाखरा हाडली, ती तुझ्या पायांकडे हजर केली आसत…"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"गोरवांक जी पीडा लागली आसा, ती बांधाभायर कर, सड्यापार कर, दर्यापार कर…"

"होय म्हाराजा!"

"आनि ही पाखरा आज तुझ्या नावान मोकळी सोडतंव, ती तुझी म्हणान मान्य करून घी. तेंका कोण धरूचो नाय, कोण कोंडूचो नाय, कोण दगड मारूचो नाय…"

"होय म्हाराजा!"

आमच्याकडे नवस फेडायला कोंबडा देवाच्या नावाने सोडतात. असा कोंबडा गावभर फिरतो, त्याला कुणी धरत नाही, कोंडत नाही, कापत नाही. गावकरांनी जन्मभर तेच गाऱ्हाणं घातलं होतं. समोर पाखरं दिसली, पाखरांचं गाऱ्हाणं तोंडातून आलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. आणि गाऱ्हाणं चालू असताना मध्येच कोण बोलणार? त्याची एक लय असते, गावकर श्वास घ्यायला थांबले की होय महाराजा म्हणायचं, हे आम्ही आईच्या कडेवर असल्यापासून करत आलो. बाबा होय म्हणाले, आई म्हणाली, मी म्हणाले, आणि पाटी धरून उभी असलेली आका सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. शेवटचा होकार तोंडातून बाहेर पडल्यावर तिचा चेहरा उतरला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा दगडाकडे बघत होते. गावकरांनी नारळ फोडला आणि पाटीवरचं फडकं स्वतःच्या हाताने दूर केलं. चितऱ्या ओरडत फणसावर जाऊन बसल्या.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कोण बघूक येता? सांजची हळूच खुराड्यात घाल आनि वयर झाप टाक." आईचं देवावर प्रेम होतं, पण तिचा व्यवहारावर जास्त विश्वास होता. आका चुलीपाशी बसली होती. "वैनी, मीच होय म्हटलंय," ती म्हणाली. एवढंच. खुराडं तसंच रिकामं राहिलं. मला तेव्हा आकाचा राग आला होता. अजूनही कधीकधी येतो. शब्द पाळणारी माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली, पण तो पाळताना स्वतः एवढी किंमत मोजणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

तरी तो हिवाळा आणि उन्हाळा बरा गेला, हे कबूल करायला हवं. आकाने रोज संध्याकाळी कण्या टाकल्या म्हणून म्हणा किंवा जागा आवडली म्हणून म्हणा, चितऱ्या आमच्याच आवारात राहिल्या, झाडांवर झोपल्या. सकाळी गोठ्याच्या मागे, उकिरड्यावर, गडग्याच्या दगडांमधून टिपत फिरायच्या. एकदा तर चांदी रवंथ करत बसलेली असताना एक चितरी तिच्या मांडीला लागलेला गोचीड चोचीने उपटून गेली, आणि चांदीने नुसता कान हलवला. आकाने मला हाका मारमारून बोलावलं. मी पोचेपर्यंत पाखरू निघून गेलं होतं, तरी तिने ती जागा मला दाखवली. खापरातले निखारे आता नुसतेच विझायचे. वैशाखात चितऱ्यांनी घाणेरीच्या झुडपात ढीगभर अंडी घातली. आईच्या जिवाची घालमेल झाली. वाटणाचा नारळ किसून तयार, आणि अंडी राखणदाराची. "देव काय आमलेट खाता?" ती पुटपुटायची, आणि लगेच दोन्ही कानांना हात लावून माफी मागायची. आका हसायची. तिचं तसं हसणं मी शेवटचं त्या उन्हाळ्यात ऐकलं.

मग पाऊस लागला. अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, पण चितरी आई म्हणून बिनकामाची. ती पिल्लांना घेऊन ओल्या गवतातून चालत सुटे, आणि भिजलेली पिल्लं मागे पडून मरत. आका ती पदरात घालून चुलीच्या वैलापाशी आणून ठेवी. कोंडायचं नाही म्हटलं होतं, ऊब द्यायची नाही असं कुठे म्हटलं होतं? पण एकही जगलं नाही. मोठ्या पाखरांना कोल्हे लागले. सकाळी परड्यात ठिपक्यांची पिसं पडलेली दिसायची. आका ती गोळा करून राखणदाराच्या दगडापाशी ठेवी, आणि मला ते बघवत नसे. त्यातच खालच्या घरच्या दत्तूकाकांनी पेरलेला भाताच्या रोपांचा तरवा चितऱ्यांनी उकरून खाल्ला. बैल गेल्यापासून आमची शेतं दत्तूकाकांच्या जोडीवर नांगरली जायची. ते अंगणात येऊन उभे राहिले, भिजलेले, आणि म्हणाले, "देवाची पाखरा म्हणान गप रवलंय. दुसऱ्याची असती तर आज माज्या घरात सागोती शिजली असती." बाबांनी हात जोडले.

त्याच आठवड्यात बाबा देवळात कौल लावायला गेले. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बाबांनी विचारलं, पाखरं परत आमच्या ताब्यात दे, त्यांना कोंडू दे, बदल्यात दुसरा कोंबडा सोडतो. आम्ही बराच वेळ थांबलो. पावसाच्या दिवसांत देवळात इतकी ओल असते की पाकळ्या सुटायलाच तयार नसतात. शेवटी एक सुटली, डावी. आकाने खाली वाकून नमस्कार केला. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "देवान नाय म्हटल्यार माणसान काय करूचा?" आका म्हणाली, "काय करूचा नाय," आणि छत्री उघडली.

चांदी रोज गावाच्या कळपाबरोबर सड्यावर जायची. गाभण गाय गोठ्यात बांधून घालायला तेवढा चारा कुणाकडे होता? संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या कानांत पुन्हा दाणे दिसू लागले होते. आकाने खापर परत बाहेर काढलं. श्रावणाच्या तोंडावर एका सकाळी मी दूध तापत ठेवलं होतं, शेजारच्या घरचं, आणि आकाची हाक आली. ती मोठी नव्हती. गोठ्याच्या फरशीवर तांबडा ओघळ होता. चांदीची मान खाली गेली होती. आकाने तिचे दोन्ही कान आपल्या हातात धरले होते, ऊब द्यायला.

बाबा गुरांच्या डॉक्टरांना आणायला सावंतवाडीला गेले. ते दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांना घेऊन परतले. बिचारे गुडघाभर चिखल तुडवत आले होते. त्यांनी सुई टोचली, पापणी उलटून पाहिली आणि बाबांना म्हणाले, "उशीर झाला हो. आधी कळवायला हवं होतं." "हो साहेब, चुकलंच आमचं," बाबा शुद्ध मराठीत म्हणाले. डॉक्टर चहा घेऊन गेले. आका दोन्ही दिवस गोठ्यातून हलली नाही. मी तिच्यासाठी पेज नेली, तर ती तिने चांदीच्या तोंडाशी धरली. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या सुमाराला, चांदीने पाय ताणले. पोटातलं वासरू थोडा वेळ हलत होतं. ते आकाने हात ठेवून पाहिलं, आणि मग तेही थांबलं.

जनावर थंड झालं की गोचीड त्याला सोडतात. हे मला ठाऊक नव्हतं. चांदीला न्यायला माणसं येईपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो, आणि पाहता पाहता तिच्या पांढऱ्या पोटावरून ते खाली उतरू लागले. लहान, मोठे, फुगलेले, फरशीवरून चहूकडे चालू लागले. उरलेल्या चार चितऱ्या पावसाला कंटाळून गोठ्याच्या पडवीत उभ्या होत्या. त्या आत आल्या. रांगेने, नेहमीसारख्या, आणि टिपू लागल्या. भराभर, एकमेकींना ढोसत, चांदीच्या पायांमधून, शेपटीखालून. त्यांनी इतकं पोटभर कधी खाल्लं नसेल. मी उठून त्यांना हुसकायला गेले, तर आकाने माझा हात धरला. "खावंदेत," ती म्हणाली. "तेंका त्याच्यासाठीच हाडली ना आपण?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी मात्र ओक्साबोक्शी रडले. तसं रडणं मला आई-बाबा गेले तेव्हाही आलं नाही.

चतुर्थीला आलेले चाकरमानी परत निघाले, त्यांच्याबरोबर आका गेली. तिला जा असं कुणीच म्हणालं नाही. दिराचा निरोप आला, आणि बाबा नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडून गप्प झाले. आकाने ते पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "जातंय रे मी. थंय तरी कोणाक तरी होयी आसंय." एका पिशवीत तिचं सगळं सामान मावलं. एसटी सुटेपर्यंत ती मला सांगत होती, केस कोरडे केल्याशिवाय बांधू नको, पेज गरम पी. गुरांबद्दल एक शब्द नाही.

मी या गोष्टीवर आयुष्यभर विचार केला आहे, आणि मला वाटतं, पाखरं कोंडली असती, एकूण एक जगली असती, तरी चांदी वाचली नसती. गोचीड आमच्या अंगणात नव्हते, सड्यावर होते. गावातली सगळी गुरं दिवसभर तिथे चरायची आणि रोज नवे घेऊन यायची. मिंगेलची गाय अंगणातच बांधलेली असायची. एवढा साधा फरक कुणाच्या लक्षात आला नाही, कारण आकाला त्या गाईचे स्वच्छ कान दिसले होते आणि तिला दुसरं काही बघायचं नव्हतं. हे मी तिला मोठेपणी सांगितलं. वाटलं, त्या एका होकाराचं ओझं तरी उतरेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे वाचूची नायच होती." मला कळलं की मी तिला दिलासा दिला नव्हता. निदान काहीतरी करता आलं असतं, एवढा जो तिचा समज होता, तोही मी काढून घेतला होता. भाच्याला मी काही सांगितलं नाही ते याचसाठी. ठेवू देत त्याला कोंबड्या.

आका गेली त्याच्या पुढच्या चतुर्थीला ती मुंबईहून आली. अंगावर इस्त्रीचं पातळ, पायांत चपला, हातात आमच्यासाठी बिस्किटांचा डबा. हात मात्र मऊ झाले होते, ते मला तिने गालाला लावल्यावर कळलं. पिशवी ओट्यावर टेकवून ती आधी गोठ्यात गेली. तिथे आता लाकडं आणि नारळाची सोडणं रचलेली होती. खांबाच्या खाचेत, भिंतीच्या भेगेत, दावणीच्या दगडाखाली तिने सवयीने बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. "एकय नाय गो," ती मला म्हणाली. ज्याचं रक्त प्यायचं ते जनावरच उरलं नव्हतं, तर गोचीड कुठून असणार?

जेवायची वेळ झाली. आका उठून पानं मांडायला निघाली तशी आईने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. पुरुषांच्या पंगतीच्याही आधी आईने तिच्यासाठी पाट मांडला, तांब्या-भांडं ठेवलं, केळीच्या पानावर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे वाढले, आणि समोर बसून पंख्याने वारा घालू लागली. आईला खरंच भरून आलं होतं. "खा गो आका, लाजा नुको," ती म्हणाली. "आपलाच घर समज." आका खाली मान घालून जेवली. जेवण झाल्यावर ती नेहमीप्रमाणे आपलं पान उचलायला वाकली, तर आईने घाईघाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं.